गोअरची व्हॉली, हॅडोचा लॉब

टेनिस शिकणाऱ्या मुलाला पहिल्या काही दिवसांतच व्हॉली दाखवतात. जाळीजवळ उभं राहायचं, रॅकेट फार मागे न्यायची नाही आणि टप्पा पडायच्या आत चेंडू परतवायचा. 1877 साली मात्र हाच फटका खिलाडूवृत्तीला सोडून असल्याची कुरकुर झाली होती.

विम्बल्डनची ती पहिलीच स्पर्धा. वर्पल रोडवरच्या हिरवळीवर 22 खेळाडू उतरले होते, प्रवेश फी एक गिनी. बहुतेकजण बेसलाइनवरून संथपणे चेंडूची देवाणघेवाण करत आणि सर्व्हिसही खालून किंवा फार तर खांद्याच्या उंचीवरून करत. जाळी खांबांपाशी 5 फूट उंच होती, पण मधे झुकून सव्वातीन फुटांवर यायची. साहजिकच जो तो मधूनच चेंडू काढे. स्पेन्सर गोअरने नेमकं हेच हेरलं. भिंतींच्या आत खेळल्या जाणाऱ्या रॅकेट्समध्ये तो मुरलेला होता. जाळीच्या मध्याशी उभं राहून तो चेंडू डावी-उजवीकडे वळवू लागला आणि सुमारे 200 प्रेक्षकांसमोर अंतिम सामना सरळ सेटमध्ये जिंकला.

पुढच्याच वर्षी त्याला उत्तर मिळालं. सिलोनमधल्या मळ्यातून सुट्टीवर आलेल्या फ्रँक हॅडोने चेंडू गोअरच्या डोक्यावरून उंच मागे टाकायला सुरुवात केली. गोअर जाळीकडे धावला की चेंडू त्याच्या पाठीमागे पडलेला असे. तीन सेटमध्ये निकाल लागला. हॅडो मळ्यावर परतला आणि विजेतेपद राखायला पुन्हा आलाच नाही!

मग या लॉबवर तोडगा काय? तो रेनशॉ या जुळ्या भावांनी रुजवला: उंच आलेला चेंडू डोक्यावरच गाठून जोरात खाली मारायचा, म्हणजेच स्मॅश. त्यांच्यातला विल्यम 1881 ते 1886 सलग सहा वेळा आणि 1889 मध्ये पुन्हा एकदा विजेता ठरला. एवढ्यात जाळीचे खांबही साडेतीन फुटांवर आले होते.

दोन्ही हातांच्या बॅकहँडची गोष्ट वेगळी, आणि जास्त लोभस. ख्रिस एव्हर्टला लहानपणी एका हाताने रॅकेट पेलवत नसे, म्हणून तिने दुसरा हात लावला. प्रशिक्षक असलेल्या तिच्या वडिलांना वाटे, मोठी झाल्यावर ही सवय जाईल. ती गेली नाही. 1974 मध्ये ती त्याच बॅकहँडने विम्बल्डन जिंकली, पुरुषांत जिंकलेला जिमी कॉनर्सही दोन हातांचाच. आज बहुतेक मुलं हाच बॅकहँड आधी शिकतात.

हे सगळे फटके एकत्र दिसतात ते सामन्याआधीच्या सरावात; त्याला नियमाने जास्तीत जास्त पाच मिनिटं मिळतात. या वेळात प्रतिस्पर्धीच एकमेकांचे फटके मोकळे करून देतात: आधी बेसलाइनवरून फोरहँड-बॅकहँड, मग एकजण जाळीजवळ येऊन व्हॉली, शेवटी सर्व्हिस. त्याआधी दोन-चार स्मॅश. त्यासाठी पलीकडचा खेळाडू हॅडोचा तोच लॉब मुद्दाम थोडा आखूड टाकतो, समोरच्याला नीट मारता यावा म्हणून.