अफू आणि वेदना



आमच्या कोल्हापुरांत खासबागेचें मैदान आहे. शाहू छत्रपतींनीं तें १९१२ सालीं बांधविलें. तेथें मातींत उतरलेल्या मल्लाचें बोट मोडलें, तरी कित्येकदां त्याला त्याचा पत्ता नसतो. कुस्ती सुटते, हलगी थांबते, आणि मग कळ उठते. मधल्या वेळांत ती वेदना कोठें गेली होती? या प्रश्नाचें उत्तर अफूच्या इतिहासांत सांपडतें. आणि तो इतिहास बराचसा आपल्या मुंबईचाहि आहे.

एकोणिसाव्या शतकांत माळव्याची अफू मुंबई बंदरांतून चीनला जाई. सर जमशेटजी जिजीभाई यांच्या संपत्तीचा मोठा भाग या व्यापारांतून आला, आणि त्यांच्याच औदार्यानें १८४५ सालीं मुंबईंत रुग्णालय उघडलें. तेंच आजचें जे. जे. रुग्णालय. ज्या मालानें चीनमध्यें व्यसन पसरविलें, त्याच मालानें येथें रोग्यांस खाट मिळवून दिली, हा योग विचार करण्याजोगा आहे. त्याच मुंबईंत मजूर स्त्रिया तान्ह्या मुलास अफूची गोळी देऊन कामावर जात. मूल शांत निजे. पण मात्रा चुकली तर तें पुन्हां उठत नसे. एकच वस्तु औषध, धन आणि विष अशा तिन्ही रूपांनीं आपल्या घरांत वावरली.

१८०५ च्या सुमारास सेर्ट्युर्नर नांवाच्या जर्मन औषधकारानें अफूंतून मॉर्फीन वेगळें काढलें. परंतु तें वेदना कशी शमवितें, हें कळावयास दीडशेंहून अधिक वर्षें लागलीं. १९६९ सालीं रेनॉल्ड्स या संशोधकानें उंदराच्या मध्यमेंदूंतील एका करड्या भागास विजेची सूक्ष्म चेतना दिली आणि भूल न देतां त्याच्या पोटावर शस्त्रक्रिया केली. १९७३ सालीं मेंदूंत अफूच्या द्रव्यास धरून ठेवणाऱ्या जागा सांपडल्या. या जागा कांहीं खसखशीच्या बोंडासाठीं निर्माण झाल्या नसणार! १९७५ सालीं ह्यूज व कॉस्टरलिट्झ यांनीं ॲबर्डीन येथें मेंदूचें स्वतःचेंच अफूसारखें द्रव्य शोधून काढलें.

याची रचना अशी. मध्यमेंदूच्या त्या भागांतून एक वाट खालीं मज्जारज्जूपर्यंत येते आणि हातापायांकडून येणारी वेदनेची वर्दी तेथेंच अडविते. एरव्हीं या वाटेवर पहारा असतो. अफूचें द्रव्य पहारेकऱ्यास झोपवितें, आणि वर्दी अडविणारा शिपाई मोकळा होतो. शिवाय तें मज्जारज्जूवर प्रत्यक्षहि कार्य करितें, आणि मेंदूच्या वरच्या भागांत दुःखाचा जाच बोथट करितें. म्हणून रोगी म्हणतो, "दुखतें आहे, पण त्याचें कांहीं वाटत नाहीं." झुंजींतल्या मल्लाची वेदना बऱ्याच अंशीं याच यंत्रणेनें दबते. मात्र श्वास चालविणाऱ्या केंद्रांतहि याच जागा आहेत. तान्हीं मुलें दगावत तीं यामुळें.

हें सारें मी नुसत्या जिज्ञासेनें वाचलें नाहीं. १९९७ सालीं माझी आई कर्करोगानें अंथरुणास खिळली. मॉर्फीनची विचारणा केली तेव्हां डॉक्टर म्हणाले, "मास्तर, परवान्याची भानगड आहे, शिवाय सवय लागेल." चार दिवसांची सोबतीण असलेल्या म्हातारीला सवयीचें भय! १९८५ च्या मादकद्रव्यविरोधी कायद्यानंतर डॉक्टर व औषधविक्रेते दोघेहि धास्तावले होते. माझी आई कण्हत गेली. आणि तिकडे माळव्याच्या शेतांत सरकारी परवान्यानें अफू पिकतच होती.

२०१४ सालीं त्या कायद्यांत दुरुस्ती होऊन मान्यताप्राप्त रुग्णालयांची वाट सोपी झाली. परंतु मनांतलें भय कायद्यानें जात नाहीं. व्यसनाचा धोका खरा आहे. चीननें तो भोगला. तथापि जाणत्या डॉक्टरच्या हातीं मोजून दिलेली मात्रा आणि बाजारांतली गोळी यांत भेद करावयास आपण शिकलें पाहिजे. आपल्या घरांतलें कोणी असें कण्हत असेल, तर लाज न धरतां डॉक्टरांस विचारा. मीं एकदां विचारून गप्प बसलों, ही माझी चूक झाली.