तळटीप : जहाजमालकाला परत मिळालेले शुल्क

१४. ‘शुल्क परत करण्याचा कायदा’ : एका खासगी जहाजमालकासाठी अमेरिकी काँग्रेसने स्वतंत्र कायदा का करावा, असा प्रश्न वाचकाला पडेल. २० जुलै १७८९ च्या कायद्याने अमेरिकी बंदरांत येणाऱ्या जहाजांवर टनामागे शुल्क बसले : अमेरिकी जहाजाला ६ सेंट, अमेरिकेत बांधलेल्या पण परकी मालकीच्या जहाजाला ३० आणि इतर परकी जहाजांना ५० सेंट. १८०४ मध्ये परकी जहाजांवर टनामागे आणखी ५० सेंट दीपशुल्क आले. त्यामुळे जहाज चुकून परकी ठरवले गेले, तर मालकाला मोठा भुर्दंड पडे. तिजोरीत जमा झालेली रक्कम कायद्याच्या मंजुरीशिवाय काढता येत नाही, असे अमेरिकी संविधान सांगते. म्हणून मालक काँग्रेसकडे अर्ज करी आणि दोन्ही सभागृहे त्याच्या नावाने ‘खासगी कायदा’ संमत करीत. १८५५ मध्ये दावा न्यायालय स्थापन झाले, तरी सुरुवातीला अंतिम निर्णय काँग्रेसच्याच हाती होता. नियमाबाहेर घेतलेला पैसा सरकारने परत केलाच पाहिजे, हे मोलाचे तत्त्व अशा छोट्या कायद्यांनी जपले.