वेम्बलीचा सामना, १९५३
इंग्लंड आणि हंगेरी यांच्यात २५ नोव्हेंबर १९५३ रोजी लंडनच्या वेम्बली मैदानावर झालेला फुटबॉल सामना. हंगेरीने तो ६–३ असा जिंकला. प्रतिस्पर्ध्याचा बारकाईने अभ्यास करून आखलेल्या डावपेचांचे हे अभिजात उदाहरण मानले जाते.

पूर्वतयारी : ब्रिटिश बेटांबाहेरच्या कोणत्याही राष्ट्रीय संघाकडून इंग्लंड तोवर मायदेशी हरला नव्हता. हंगेरी १९५२ चा ऑलिंपिक विजेता होता. प्रशिक्षक गुस्ताव शेबेश यांनी वेम्बलीच्या मापाच्या मैदानावर, इंग्लंडमध्ये वापरल्या जाणाऱ्या चेंडूंनी संघाचा सराव घेतला. सराव-सामन्यांतील प्रतिस्पर्ध्यांनाही इंग्लिश पद्धतीने खेळायला लावले.

डावपेच : इंग्लंडच्या तत्कालीन रचनेत मधला बचावपटू प्रतिस्पर्ध्याच्या मध्य आघाडीपटूवर पहारा ठेवी. हंगेरीचा नऊ क्रमांकाचा खेळाडू नांदोर हिदेगकुटी मात्र आघाडी सोडून मागे, मध्यक्षेत्रात खेळला. त्याच्यामागे गेल्यास बचावात खिंडार पडे. जागेवर थांबल्यास तो मोकळा राही. या कोंडीत इंग्लंडचा मधला बचावपटू हॅरी जॉन्स्टन सापडला. हिदेगकुटीने तीन, कर्णधार फेरेन्ट्स पुश्काशने दोन आणि योझेफ बोझिकने एक गोल केला.

परिणाम : बुडापेस्ट येथील परतीच्या सामन्यात (२३ मे १९५४) हंगेरीने इंग्लंडला ७–१ असे नमवले. या पराभवांमुळे इंग्लंडमध्ये प्रशिक्षण व डावपेचांच्या पुनर्विचाराला चालना मिळाली. मात्र १९५४ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात हंगेरी पश्चिम जर्मनीकडून २–३ असा पराभूत झाला.