कार्डावरची पावली

खाकी हाफ पँट, गळ्यात स्कार्फ, हातात पुठ्ठ्याचं कार्ड. “काकू, काही काम आहे का?”

गणपतीच्या वर्गणीला सरावलेल्या काकू आधी बुचकळ्यात पडत. हा पोरगा पैसे नव्हे, काम मागत होता! मग तांदूळ निवड, सायकल पूस, वाण्याकडून साखर आण, असं काहीतरी निघायचं. काम झालं की कार्डावर कामाचं नाव, रक्कम आणि काकूंची सही. निवडलेल्या तांदळात चार खडे राहिले तरी पावली ठरलेली. शाळेच्या स्काऊट पथकात याला नाव होतं ‘खरी कमाई’.

प्रथा मुळात इंग्लंडची. युद्ध संपलं होतं, रेशनिंग संपलं नव्हतं, आणि पथकांना पैसा हवा होता. 1949 च्या ईस्टरमध्ये तिथल्या स्काऊटांनी ‘बॉब-अ-जॉब’ आठवडा सुरू केला. बॉब म्हणजे बोलीभाषेत शिलिंग. एका कामाला एक शिलिंग. बूट पॉलिश करा, बाग साफ करा, मोटार धुवा. पोरांनी पुन्हा पुन्हा तेच दार ठोठावू नये म्हणून काम झालेल्या घराच्या दारावर तशी चिठ्ठी चिकटवत. कल्पनेचं मूळ मात्र जुनं. स्काऊट चळवळीचे जनक बेडन-पॉवेल यांच्या 1908 च्या पुस्तकातल्या नियमांत काटकसर होतीच. साठवलेला पैसा अडीअडचणीत स्वतःला आणि गरजूंनाही उपयोगी पडावा, असा तिचा रोख होता.

भारतात 1909 मध्ये बंगळुरात पहिलं स्काऊट पथक निघालं, पण ते गोऱ्यांच्या आणि अँग्लो-इंडियन मुलांसाठी. भारतीय मुलांना दार बंद. म्हणून अ‍ॅनी बेझंट यांनी मद्रासमध्ये, तर मदन मोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू आणि श्रीराम वाजपेयी यांनी अलाहाबादेत स्वतंत्र संघटना उभारल्या. कुंझरू हे गोखल्यांनी 1905 मध्ये पुण्यात स्थापलेल्या भारत सेवक समाजाचे सदस्य, पुढे अध्यक्ष. जत्रेत हरवलेली मुलं शोधणं, यात्रेकरूंना मदत करणं हे या स्वयंसेवी परंपरेचं बाळकडू. स्वातंत्र्यानंतर, 7 नोव्हेंबर 1950 रोजी, वेगवेगळे प्रवाह ‘भारत स्काऊट्स आणि गाइड्स’मध्ये एकत्र आले; 1951 मध्ये गाइड्सही आल्या.

इंग्लंडच्या ‘बॉब-अ-जॉब’ची आपल्याकडे ‘खरी कमाई’ झाली, त्या नावांत गंमत आहे. इंग्लंडने 15 फेब्रुवारी 1971 रोजी दशमान चलन घेतलं, शिलिंग पाच नव्या पेन्सांचा झाला आणि ‘बॉब’ला अर्थच उरला नाही. आपल्याकडे तर 1957 मध्येच आणे गेले. पण आपलं नाव नाण्यावरून नव्हतं, कष्टावरून होतं. पावलीचा रुपया झाला तरी ‘खरी कमाई’ तशीच राहिली.

इंग्लंडमध्ये अनोळखी घरी मुलं पाठवायची धास्ती वाढत गेली आणि तो आठवडा मागे पडला. 2012 मध्ये परतला तो वस्तीच्या गटकामाच्या रूपात. महाराष्ट्रातल्या शाळांनी वेगळी वाट काढली. मुलांनी दारोदार जायचं नाही, गिऱ्हाइकांनीच शाळेत यायचं! आता ‘खरी कमाई’च्या दिवशी मैदानावर टेबलं लागतात. भेळ, इडली, सरबत, वडापाव. कांदा आईने चिरलेला, फरसाण बाबांनी आणलेलं, आणि गिऱ्हाईक म्हणूनही तेच उभे. कमाई कितपत खरी, हे विचारायचा मोह होतोच. तरी सुट्ट्या पैशांचा हिशेब चुकल्यावर पाचवीतली दोन पोरं डब्यातली नाणी जमिनीवर ओतून तिसऱ्यांदा मोजायला बसतात, आणि तोवर भेळ मऊ पडते.