वाचवलेली वीज जाते कुठे?

मागच्या वेळी आपण वाफेच्या इंजिनापाशी थांबलो होतो. आज तिथूनच निघून संगणकापर्यंत येऊ.

1865 साली विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने ‘द कोल क्वेश्चन’ हे पुस्तक लिहिले. इंजिने काटकसरी झाली की कोळसा कमी लागेल, असे आपल्याला सहज वाटते. जेव्हन्सने नेमके उलटे सांगितले. जेम्स वॉटचे इंजिन न्यूकॉमेनच्या इंजिनापेक्षा पुष्कळ कमी कोळसा खायचे. म्हणूनच ते परवडू लागले, खाणींमधून गिरण्यांत शिरले, आणि देशाचा एकूण कोळसा वाढला.

आता संगणकाकडे बघू. 1946 च्या एनिॲकमध्ये सुमारे 18,000 व्हॉल्व्ह होते आणि त्याला दीडशे किलोवॅटच्या आसपास वीज लागायची. जोनाथन कूमी आणि सहकाऱ्यांनी हिशेब मांडला: एका युनिटमध्ये होणारी आकडेमोड पुढची सहा दशके साधारण दर दीड वर्षाला दुप्पट होत गेली. मग डिजिटल व्यवहाराचा धूर कमी व्हायला हवा होता, नाही का?

काही काळ तसे घडलेही. 2010 ते 2018 या काळात जगातल्या डेटा सेंटरांमधली आकडेमोड साडेसहा पट झाली, पण वीज वाढली जेमतेम 6 टक्के. कारण साधे होते. कार्यालयांतल्या छोट्या सर्व्हर-खोल्यांचे काम मोठ्या केंद्रांत गेले आणि एकच सर्व्हर अनेकांचे काम करू लागला. त्या फेरीत जेव्हन्स हरला म्हणा.

पण ही सोय एकदाच मिळते. आयर्लंडमध्ये डेटा सेंटरांचा वीजवापरातला वाटा 2015 साली 5 टक्के होता, तो 2023 मध्ये 21 टक्क्यांवर गेला. 2024 मध्ये जगभरच्या केंद्रांनी सुमारे 41,500 कोटी युनिट वीज वापरली, म्हणजे जगाच्या विजेच्या दीड टक्का.

हे आपल्यापासून लांब नाही. 1915 साली खोपोलीला जलविद्युत केंद्र सुरू झाले आणि मुंबईच्या गिरण्यांना सह्याद्रीच्या पाण्यावरची वीज मिळू लागली. तिथे यंत्राबरोबर इंधनही बदलले, हे लक्षात ठेवू. आज ऐरोली, महापे भागात डेटा सेंटरे उभी आहेत. पण राज्याच्या ग्रीडमध्ये चंद्रपूर, कोराडीची कोळशाची वीज अजून मोठी आहे. आपण मुंबईत बसून व्हिडिओ बघतो, त्याच्या धुराचा काही भाग चंद्रपूरकरांच्या छातीत जातो.

म्हणून तंत्रज्ञान चांगले की वाईट, या वादात आम्ही पडत नाही. एका कामाला किती वीज लागेल, हे तंत्रज्ञान ठरवते. अशी कामे किती करायची आणि वीज कशापासून काढायची, हे ठरवणे मात्र समाजाच्या हातात असते. गिरण्यांच्या वेळी तो निर्णय झाला होता. आपल्या वेळचा अजून व्हायचा आहे.

इथे थांबू. आता तुमचे प्रश्न घेऊया.