फुगडीला हात कुणाचा धरायचा?

पंचमी जवळ आली, म्हणून आज फुगडीबद्दल बोलू. पण सुरुवात पुरुषांच्या नाचापासून करते, कारण कुणी कुठं नाचायचं हे आपल्याकडं फार आधीपासून ठरलेलं आहे.

आपल्या बारामती-इंदापूरकडचं धनगर बांधवांचं गजीनृत्य आठवा. ढोल घुमतोय, हातात रंगीत रुमाल, फेर धरलेले सगळे पुरुष. बाया कडेला उभ्या राहून बघणार. तमाशात तर बाईचं सोंगही पुरुषच घ्यायचा. नाच्या पोऱ्या लुगडं नेसून, चाळ बांधून उभा राहायचा. पुढं पठ्ठे बापूरावांच्या फडात हिवरगावची पवळा नाचली. तमाशात उभी राहिलेली पहिली बाई ती, असं मानतात. लोकांनी तिला डोक्यावर घेतलं, पण घरंदाज बाईनं तिकडं फिरकायचं नाही, हा नियम काही सुटला नाही.

मग आपल्या वाट्याला काय आलं? पंचमीचा, गौरीचा फेर आणि फुगडी. फुगडीत पुढची-मागची कुणी नसते. पाय जुळवायचे, हातांची कात्री करायची आणि दोघींनी सारखंच मागं रेलायचं. एकीनं हात सोडला की दुसरी पाठीवर पडलीच. म्हणून रीत अशी, की दमलीस तर आधी सांग, दोघी मिळून थांबू. सासू-सून असल्या तरी हेच!

पण खेळायला बोलवायचं कुणाला, तिथं आपणच भिंत घातली. गेल्या पंचमीला आमच्या गटातली एक जण दारातच थांबली. नवरा जाऊन तीन वर्षं झालेली. गटाचा हिशेब तीच लिहिते, पैसे तिच्याच हातून घेतो, आणि फुगडीला तो हात नको? कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं मे 2022 मध्ये विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला. आपल्या बेलवाडीत तुकोबांच्या पालखीचं रिंगण होतं, वारकरी बाया फुगड्या घालतात. कपाळ बघून हात धरलेला मी तरी तिथं पाहिला नाही.

हे तिला सांगितलं तर म्हणाली, "वारीत चालतंय ताई, गावात नाही."

मी हात पुढं केला. तिनं आधी सासूकडं बघितलं. म्हातारी म्हणाली, "जा की. पर चपला काढ आधी, घसरशील."