ऑनलाइन बाजार : प्रस्थापितांसमोर नवे दुकान



सुट्टीच्या दिवशी जेवणानंतर गप्पा रंगल्या की कोणीतरी हमखास म्हणते, "आपणही एक वेबसाइट काढू या. फराळ, मसाले, पुस्तके, पैठण्या... सगळे एकाच ठिकाणी!" आम्हीही संगणक क्षेत्रातलेच, त्यामुळे पहिली नजर आमच्याकडे वळते. वेबसाइट बनवणे अवघड नाही. अवघड आहे ते पुढचे. म्हणून अमिरातीतल्या ऑनलाइन बाजाराची ही थोडक्यात माहिती.

सूक ते अ‍ॅमेझॉन

सूक डॉट कॉम २००५ साली सुरू झाले. रोनाल्डो मुशावर हे त्याचे संस्थापक. 'मकतूब' या अरबी पोर्टलच्या छत्राखाली सुरुवातीला येथे वस्तूंचा लिलाव होत असे. पुढे ठरलेल्या किमतीची विक्री आली. पैसे घेण्यासाठी 'पेफोर्ट' आणि माल पोचवण्यासाठी 'क्यू एक्सप्रेस' अशा स्वतःच्या व्यवस्थाही उभ्या राहिल्या. २०१७ मध्ये अ‍ॅमेझॉनने सुमारे ५८ कोटी डॉलरना सूक विकत घेतले आणि मे २०१९ मध्ये येथील साइटचे नाव अ‍ॅमेझॉन डॉट एई झाले.

नूनची उडी

एमार कंपनीचे संस्थापक मोहम्मद अलअब्बार यांनी नोव्हेंबर २०१६ मध्ये 'नून'ची घोषणा केली. भांडवल १ अब्ज डॉलर, त्यातला निम्मा वाटा सौदी सरकारच्या गुंतवणूक निधीचा. जानेवारी २०१७ मध्ये २ कोटी वस्तूंसह दुकान उघडणार असे जाहीर झाले. आपल्याकडे म्हणतात ना, बाजारात तुरी... तसेच झाले! साइट प्रत्यक्षात सुरू व्हायला सप्टेंबर २०१७ ची अखेर उजाडली. मधल्या काळात मुख्य अधिकारी बदलले. एमार मॉल्सने सूकसाठी ८० कोटी डॉलरची बोली लावली, पण सूक अ‍ॅमेझॉनकडे गेले. त्याच वर्षी नूनने 'जादोपादो' ही दुबईतली साइट घेतली आणि ती बंद केली. आज नून पाय रोवून उभे आहे. पण एवढे पाठबळ असताना ही ओढाताण, तर आपल्यासारख्यांचे काय?

अडचण नेमकी कुठे?

१) आधी कोंबडी की आधी अंडे : ग्राहक नाहीत म्हणून विक्रेते येत नाहीत, आणि माल नाही म्हणून ग्राहक फिरकत नाहीत. जुन्या साइटकडे दोन्ही आहेत, शिवाय ग्राहकांचे हजारो अभिप्रायही.

२) पत्ता : येथे टपाल घरोघरी येत नाही, पोस्ट बॉक्समध्ये येते. दुबईत इमारतींना १० अंकी 'मकानी' क्रमांक आहेत, तरी डिलिव्हरीवाला फोन करून "कुठल्या सुपरमार्केटसमोर?" असे विचारतोच. फोन उचलला नाही की फेरी फुकट.

३) रोख रक्कम : माल हातात आल्यावर पैसे देण्याची सवय येथे जुनी आहे. समजा १०० दिरहमच्या वस्तूवर आपल्याला १० दिरहम कमिशन मिळते आणि एका फेरीला १५ दिरहम लागतात. ग्राहकाने माल परत केला तर कमिशन गेले आणि जाण्यायेण्याचे ३० दिरहम खिशातून गेले!

४) परवाना : येथे ऑनलाइन विक्रीलाही परवाना लागतो, खाद्यपदार्थांना वेगळी परवानगी. वर्षाची करपात्र विक्री ३,७५,००० दिरहमच्या वर गेली की व्हॅटची नोंदणी बंधनकारक. "ओळखीतच विकतो" हे कारण चालत नाही.

लहानाने मोठ्याला हरवले आहे का?

हो! चीनमध्ये ईबेचा दबदबा असताना २००३ मध्ये ताओबाओ आले. त्यांनी विक्रेत्यांकडून शुल्कच घेतले नाही, आणि पुढे ग्राहकाला माल मिळेपर्यंत पैसे मध्यस्थाकडे राखून ठेवण्याची सोय केली. २००६ च्या अखेरीस ईबेने तेथील साइट स्थानिक भागीदाराकडे सोपवली. आपल्या मुंबईच्या 'बाझी डॉट कॉम'ची गोष्ट वेगळी. ती २००४ मध्ये ईबेने सुमारे ५ कोटी डॉलरना घेतली. मात्र ताओबाओमागेही अलीबाबासारखी कंपनी होती, हे विसरू नये.

आमचा अनुभव

आम्ही चार मित्रांनी एका दिवाळीत फराळाच्या मागणीसाठी छोटी साइट करून पाहिली. मागणी भरपूर आली, पण सगळी शेवटच्या तीन दिवसांत. चकल्या वेळेवर पोचवता पोचवता नाकी नऊ आले. परवान्याचा हिशेब मांडला आणि पुढच्या वर्षी थांबलो. एका मित्राने तर नोकरी सोडायचे ठरवले होते. पण येथे नोकरीबरोबर व्हिसाही जातो, आणि त्याच्यामागे कुटुंबाचा व्हिसा, मुलांची शाळा, घराचे भाड्याचे चेक. वहिनींनी हे सगळे एका कागदावर लिहून समोर ठेवले, तेव्हा तो थांबला.

म्हणून आमचा सल्ला इतकाच : सगळे काही विकणारे दुकान काढू नका. मोठ्यांना न जमणारी एकच वस्तू निवडा, एकाच भागात पोचवा, आधी परवाना घ्या आणि वर्षभराचा घरखर्च बाजूला ठेवा. त्यांच्याच साइटवर विक्रेता म्हणून सुरुवात करण्यातही कमीपणा नाही. आणि हो, उडी मारण्यापूर्वी हिशेबाचा कागद घरच्यांना नक्की दाखवा!